जुने वर्तमानपत्र : एक शास्त्रीय उपकरण



एखाद्या धरणाला, प्रयोगशाळेला किंवा वेधशाळेला पंचवीस वर्षे पूर्ण झाली, म्हणजे विज्ञानाच्या मासिकात त्याविषयी लेख येतो, आणि ते योग्यच आहे. आज मी तुम्हाला ज्या रौप्यमहोत्सवाविषयी सांगणार आहे त्याचा विज्ञानाशी काय संबंध, असे मात्र तुम्हाला प्रथमदर्शनी वाटेल. न्यूझीलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २००१ साली आपल्या देशातील जुन्या वर्तमानपत्रांची पाने संगणकावर कोणालाही, कोठूनही आणि विनामूल्य पाहता येतील अशी सोय सुरू केली. ‘पेपर्स पास्ट’ हे तिचे नाव. २०२६ साली या संग्रहाला पंचवीस वर्षे होतात. आज त्यात लक्षावधी पाने आहेत. इंग्रजीबरोबरच तेथील मूळ रहिवासी माओरी लोकांच्या भाषेतील वर्तमानपत्रेही त्यात आहेत.

हा सोहळा इतिहासाच्या अभ्यासकांनी साजरा करावा आणि आपण पदार्थविज्ञानाचे पुस्तक उघडून बसावे, हे मला मान्य नाही. माझ्या मते जुन्या वर्तमानपत्रांचा असा संग्रह हे दुर्बिणीसारखेच एक शास्त्रीय उपकरण आहे. दुर्बिणीतून दूरचे दिसते. या उपकरणातून मागचे दिसते. असे उपकरण आपल्या मराठीतही असले पाहिजे, आणि ते उभारण्यास आता उशीर करता कामा नये. असे मी का म्हणतो, ते क्रमाने पाहू.

मुंबईच्या आकाशातील प्रकाश

४ फेब्रुवारी १८७२ या दिवशी रविवार होता. त्या रात्री मुंबईच्या आकाशात ध्रुवीय प्रकाश दिसल्याची बातमी ‘टाइम्स ऑफ इंडिया’ने छापली. ध्रुवीय प्रकाश म्हणजे नॉर्वे, आइसलँड किंवा कॅनडाच्या उत्तर भागात दिसणारा आकाशातील प्रकाश, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मुंबई विषुववृत्तापासून अवघ्या १९ अंशांवर. तेथे हा प्रकाश दिसला असे कोणी सांगितले, तर आपण त्याला हसू. परंतु त्याच वेळी मुंबई ते एडन या समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबलचे कामही बिघडले होते. ही केबल १८७० साली टाकून पूर्ण झाली होती.

या दोन गोष्टींचे कारण एकच. सूर्यावरून सुटलेला विद्युतभारित कणांचा मोठा लोट पृथ्वीवर येऊन आदळला, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात खळबळ माजते. तिला चुंबकीय वादळ म्हणतात. वातावरणाच्या वरच्या थरातील ऑक्सिजनचे अणू या कणांच्या माऱ्याने उद्दीपित होऊन हिरवा व तांबडा प्रकाश देतात. चुंबकीय क्षेत्र बदलले की लांबच लांब तारांतून आपोआप विद्युतप्रवाह वाहू लागतो. फॅराडेचा विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा नियम तुम्ही शाळेत शिकताच. येथे पृथ्वीचे बदलते चुंबकीय क्षेत्र हा चुंबक आणि तारायंत्राची तार ही गुंडाळी असे समजा.

आता पुढचा भाग ऐका. जपानमधील नागोया विद्यापीठाचे हिसाशी हायाकावा आणि अनेक देशांतील त्यांचे सहकारी यांनी २०२३ साली या वादळाचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यासाठी त्यांनी जगभरातील जुनी वर्तमानपत्रे आणि दप्तरे चाळून ध्रुवीय प्रकाशाच्या सातशेहून अधिक नोंदी जमवल्या. मुंबईची बातमी त्यांतलीच एक. कोणत्या अक्षांशापर्यंत हा प्रकाश दिसला यावरून वादळाच्या तीव्रतेचा अंदाज बांधता येतो. त्याला जोड मिळाली ती मुंबईच्याच कुलाबा वेधशाळेतील नोंदींची. तेथे १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नियमित मापने होत असत. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या प्रवाहामुळे मापने बिघडणार, म्हणून १९०४ साली हे काम अलिबागला हलवण्यात आले.

१८५९ च्या सप्टेंबरमध्येही असेच एक प्रचंड वादळ झाले होते. रिचर्ड कॅरिंग्टन या इंग्रज ज्योतिर्विदाने १ सप्टेंबरला सूर्यावर एक तेजस्वी ज्वाळा पाहिली, आणि सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर वादळ सुरू झाले. अमेरिकेत बॉस्टन आणि पोर्टलंड येथील तारमास्तरांनी बॅटऱ्या सोडवून ठेवल्या आणि केवळ आकाशातून मिळालेल्या या फुकटच्या प्रवाहावर एकमेकांशी संभाषण केले. हे संभाषण आपल्याला कसे ठाऊक? ते वर्तमानपत्रात छापून आले म्हणून.

हे सर्व आज उकरून काढण्याचे कारण काय, असे तुम्ही विचाराल. १३ मार्च १९८९ रोजी अशाच एका वादळाने कॅनडातील क्विबेक प्रांताची वीज नऊ तास गेली आणि सुमारे ६० लाख लोक अंधारात राहिले. ते वादळ १८७२ च्या वादळापेक्षा कमी तीव्रतेचे होते. आज आपले दूरध्वनी, विमाने, बँका, वीजवाहिन्या आणि उपग्रह एकमेकांत गुंतलेले आहेत. इतके मोठे वादळ किती वर्षांतून एकदा येते, हे कळल्याशिवाय बंदोबस्त कसा करणार? उपग्रह १९५७ नंतरचे. त्यांच्या नोंदी शंभर वर्षांच्यासुद्धा नाहीत. शंभर-दीडशे वर्षांतून एकदा घडणाऱ्या घटनेची वारंवारता काढायची, तर जुन्या नोंदींकडेच जावे लागते.

१८७२ च्या त्या बातमीदाराला याची कल्पना असणे शक्य नव्हते. त्याने आकाशात काय दिसले ते लिहिले आणि तो दुसऱ्या बातमीकडे वळला. त्या चार ओळींचा उपयोग दीडशे वर्षांनी झाला. ‘इतकी रद्दी जपून कोण वाचणार?’ असा प्रश्न जेव्हा विचारला जातो, तेव्हा माझे उत्तर हेच असते की कोण वाचणार हे आज कोणालाच सांगता येणार नाही, आणि म्हणूनच ती जपली पाहिजे.

भूकंपमापक नसताना

दुसरे उदाहरण खुद्द न्यूझीलंडचे. २३ जानेवारी १८५५ च्या रात्री तेथे वैरारापा भागात फार मोठा भूकंप झाला. वेलिंग्टन बंदराचा किनारा वर उचलला गेला. त्या वेळी आजच्यासारखे भूकंपमापक अस्तित्वात नव्हते. ते १८८० नंतरच्या काळात तयार झाले. तरीही या भूकंपाची तीव्रता सुमारे ८.२ होती, असे शास्त्रज्ञ आज सांगतात. हे कसे जमले?

जमीन किती सरकली आणि किती उचलली गेली याच्या खुणा डोंगरांवर व किनाऱ्यावर आहेत. त्याबरोबरच लोकांनी काय अनुभवले याच्या नोंदी पत्रांत, रोजनिशींत आणि वर्तमानपत्रांत आहेत. अमुक गावी धुराडी पडली, तमुक गावी फक्त फळीवरची भांडी वाजली, आणखी दूरच्या गावी झोपलेल्या माणसांना जाग आली, अशा वर्णनांना क्रमांक देण्याची एक पद्धत आहे. तिला मर्काली मापक्रम म्हणतात. नकाशावर गावोगावचे क्रमांक मांडले की हादऱ्याचे केंद्र कोठे असावे व त्याचा जोर किती असावा, याचा तर्क करता येतो. जेथे यंत्र नव्हते तेथे घराचे धुराडे हेच यंत्र झाले, आणि त्याचे मापन टिपून ठेवले ते बातमीदाराने.

पान संगणकात कसे जाते?

आता या उपकरणाची रचना पाहू. न्यूझीलंडमध्ये बहुतेक पाने प्रथम सूक्ष्मपटावर, म्हणजे मायक्रोफिल्मवर घेतलेली होती आणि त्यावरून संगणकीय प्रतिमा तयार करण्यात आल्या. समजा, वर्तमानपत्राचे पान १६ इंच रुंद आणि २४ इंच उंच आहे, आणि दर इंचात ४०० ठिपके घेतले आहेत. म्हणजे रुंदीत ६,४०० आणि उंचीत ९,६०० ठिपके. गुणाकार करा : ६,१४,४०,००० ठिपके! प्रत्येक ठिपक्याचा काळेपणा दाखवायला एक बाइट धरला, तर एका पानाला ६ कोटींहून अधिक बाइट लागतील.

परंतु हे झाले केवळ चित्र. सुरुवातीच्या वर्षांत ‘पेपर्स पास्ट’मध्ये वर्तमानपत्राचे नाव आणि तारीख ठाऊक असेल तरच पान काढता येत असे. ‘भूकंप’ हा शब्द कोठे कोठे आला आहे, असे विचारण्याची सोय नंतर आली. त्यासाठी संगणकाला अक्षर ओळखायला शिकवावे लागते. तो प्रथम पानाचे स्तंभ वेगळे करतो, मग ओळी, मग शब्द आणि अक्षरे. आणि प्रत्येक आकृती कोणत्या अक्षराशी जुळते ते ठरवतो.

यात चुका होतात. शाई पसरलेली असते, टाइप झिजलेला असतो, मागच्या पानावरचा मजकूर पुढे उमटलेला असतो. समजा, शंभरापैकी ९८ अक्षरे बरोबर ओळखली गेली. ९८ टक्के गुण म्हणजे उत्तमच, असे तुम्ही म्हणाल. पण पाच अक्षरांचा शब्द पूर्णपणे बरोबर येण्याची संभाव्यता ०.९८ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ०.९० एवढीच आहे. दहा शब्दांमागे एक शब्द चुकणार! अचूकता ९० टक्क्यांवर उतरली तर ०.९ चा पाचवा घात होतो ०.५९, म्हणजे दर दहांपैकी चार शब्द हातचे गेले. चुकलेला शब्द शोधला तर सापडत नाही. पान संग्रहात आहे, पण आपल्या दृष्टीने ते नसल्यासारखेच.

यावर ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने एक चांगला उपाय केला. २००८ साली त्यांनी आपल्या वर्तमानपत्रांच्या संग्रहातील चुकलेल्या ओळी दुरुस्त करण्याची मुभा सामान्य वाचकांना दिली. चित्र समोर, त्याशेजारी संगणकाने वाचलेला मजकूर. चूक दिसली की आपण सुधारायची. शिक्षक, गृहिणी, निवृत्त माणसे, विद्यार्थी असे असंख्य लोक हे काम करतात आणि त्याबद्दल कोणी पैसे मागत नाहीत.

आपल्या देवनागरीपुढे अडचणी अधिक आहेत, हे मान्य केले पाहिजे. रोमन छपाईत बहुतेक अक्षरे सुटी असतात. आपल्याकडे शिरोरेषा सर्वांना एका दोरीत ओवते. वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार, मध्येच जोडाक्षर. शिवाय जुने लेखन आजच्याहून निराळे. पूर्वी ‘नाहीं’, ‘कांहीं’ असे अनुस्वार देत. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनंतर ते गेले. ‘भूकंप’ शोधायला गेलात तर जुन्या बातमीत ‘धरणीकंप’ असू शकतो. म्हणून हे काम एकट्या संगणकतज्ज्ञाचे नाही. त्याला भाषेचा जाणकार हवा, छपाईचा जाणकार हवा आणि चुका सुधारणारे हजारो हात हवेत.

छापले आहे म्हणून खरे?

आता एक सावधगिरीची सूचना. उपकरण म्हटले की त्याची त्रुटीही सांगितली पाहिजे. ऑगस्ट १८३५ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘सन’ या वर्तमानपत्राने एक लेखमाला छापली. सर जॉन हर्शेल यांना आफ्रिकेच्या दक्षिण टोकाहून दुर्बिणीतून चंद्रावर वटवाघळांसारखे पंख असलेली माणसे दिसली, असे तिच्यात होते. हर्शेल त्या वेळी खरोखरच तेथे वेध घेत होते. बाकी सर्व थाप होती. पुष्कळांनी ती खरी मानली.

मग जुन्या बातमीवर विश्वास ठेवायचा कसा? प्रयोगशाळेत ठेवतो तसाच. एकाच मापनावर निष्कर्ष काढायचा नाही; स्वतंत्र मापने जुळतात का ते पाहायचे. यात ‘स्वतंत्र’ हा शब्द महत्त्वाचा आहे. जुन्या काळी वर्तमानपत्रे एकमेकांतील बातम्या सर्रास उचलत असत. दहा पत्रांत तीच बातमी दिसली म्हणून साक्षीदार दहा झाले असे नाही. मूळ साक्षीदार एकच असू शकतो. मुंबईच्या बातमीवर विश्वास बसतो, कारण त्याच रात्रीच्या इतर देशांतील स्वतंत्र नोंदी आहेत, तारायंत्राच्या बिघाडाचा पुरावा आहे आणि चुंबकाची मापने आहेत.

आणखी एक सापळा आहे. समजा, १८५० सालच्या पानांत एखादा शब्द ४० वेळा आला आणि १९०० सालच्या पानांत ४०० वेळा. म्हणजे ती घटना दहापट वाढली का? पानांची संख्याच दहापट झाली असेल तर काहीच वाढलेले नाही. म्हणून एकूण पानांनी भागून मगच तुलना करायची. तसेच, बातमी नाही म्हणजे घटना घडलीच नाही, असेही नव्हे. वर्तमानपत्रे शहरांतून निघत. खेड्यातला पूर तेथपर्यंत पोचला नसेल, किंवा पोचूनही संपादकाला तो छापण्याजोगा वाटला नसेल. हे सर्व ध्यानात घेऊन जो वाचतो, तो विज्ञानाच्याच पद्धतीने वाचतो.

कागद थांबून राहत नाही

बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ ला निघाले. पुण्याचा ‘ज्ञानप्रकाश’ १८४९ चा, ‘दीनबंधु’ १८७७ चा, ‘केसरी’ १८८१ चा. तुम्हाला वाटेल, सर्वांत जुना कागद सर्वांत आधी नष्ट होणार. प्रत्यक्षात अनेकदा उलटे घडते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचा कागद कापसाच्या व तागाच्या चिंध्यांपासून होत असे; तो चिवट असतो. नंतर लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला. त्यातील लिग्निन हे द्रव्य प्रकाश आणि हवेमुळे पिवळे पडते, आणि कागदात राहिलेल्या आम्लामुळे सेल्युलोजच्या लांब साखळ्या तुटत जातात. तापमान दहा अंशांनी वाढले की रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, हा ढोबळ नियम तुम्हाला माहीत असेल. आपल्याकडचा उन्हाळा आणि कोकणातली दमट हवा यांत कागदाचे काय होत असेल, याचा विचार करा. १९६१ चा पानशेतचा पूर, १९६७ चा कोयनेचा भूकंप, १९७२ चा दुष्काळ यांच्या बातम्या ज्या कागदावर आहेत तो असाच लगद्याचा कागद आहे. त्यावरची घडी उलगडताना तुकडे हातात येतात.

‘एकदा छायाचित्रे काढली की मूळ अंक रद्दीत घालायला हरकत नाही’ असेही काही जण म्हणतात. हे मला पटत नाही. चित्रात जे उतरले नाही ते पुन्हा मिळवता येत नाही. उद्या याहून चांगले यंत्र येईल. पण मूळ पानच नसेल तर त्या यंत्रासमोर ठेवणार काय? आणि संगणकातील नोंदीही आपोआप टिकत नाहीत. त्यांच्या प्रती सतत नव्या साधनांवर उतरवाव्या लागतात. चित्र काढावे ते अंक वारंवार हाताळावा लागू नये म्हणून.

खर्चाचा प्रश्न राहतो. खर्च आहेच. पण न्यूझीलंडची लोकसंख्या महाराष्ट्राच्या लोकसंख्येच्या वीस भागांपैकी एका भागाहूनही कमी आहे. तेवढ्याशा देशाने पंचवीस वर्षे हे काम नेटाने चालू ठेवले. काही जुन्या मराठी अंकांची छायाचित्रे आपल्याकडेही झाली आहेत, हे आनंदाचे आहे. परंतु शंभर-दीडशे वर्षांची मराठी पाने एका जागी, विनामूल्य, आणि शब्द घालून शोधता येतील अशी ठेवणे, हे सरकारचे, विद्यापीठांचे आणि आपल्या ग्रंथालयांचे समान कर्तव्य आहे, असे मला निश्चितपणे वाटते.

तुम्ही काय करू शकाल?

पहिला प्रयोग घरीच करा. वर्तमानपत्राचा कोरा काठ आणि वहीचे चांगले पांढरे पान शेजारी शेजारी ठेवा. दोन्हींचा अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाका आणि आठ-दहा दिवस उन्हात राहू द्या. मग पुठ्ठा काढून फरक पाहा व त्याची नोंद करा.

दुसरे काम ग्रंथालयात. महाराष्ट्रात शंभरी ओलांडलेली ग्रंथालये आहेत. पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. तुमच्या गावच्या वाचनालयात जुन्या अंकांच्या बांधीव फायली आहेत का, ते ग्रंथपालांना विचारा. त्यांच्या परवानगीने एकच विषय घ्या. तुमच्या तालुक्यातला पाऊस, नदीचा पूर, ग्रहण, टोळधाड किंवा पटकीची साथ, काहीही चालेल. तारीख, ठिकाण, काय दिसले, कोणी पाहिले आणि बातमी कोठून घेतली, असे पाच रकाने आखा. फाइल सपाट टेबलावर ठेवा, बोटाला थुंकी लावून पान उलटू नका, आणि कणा दाबून अंक उघडू नका.

शिक्षकांना एक विनंती. प्रकल्पासाठी दरवर्षी तेच तक्ते आणि त्याच प्रतिकृती करून घेण्यापेक्षा एखादा वर्ग या कामाला लावून पाहावा. निरीक्षण, नोंद, पडताळा आणि शंका हे चारही धडे त्यात आपोआप होतात. आणि शाळेच्या कपाटातील जुने अंक रद्दीवाल्याला देण्यापूर्वी ते एकदा चाळून पाहावेत. तुमच्या गावी एखाद्या रात्री आकाश तांबडे झाल्याचे कोणी चार ओळींत लिहून ठेवले असेल, तर त्या ओळी वाचणारा अजून जन्मायचाही असू शकेल.